तापानंतरचे अडीच महिने

आजचा विषय असा आहे की तो घरात निघत नाही, मशिदीच्या पायरीवर नाही आणि देवळाच्या पारावरही नाही. निघतो तो न्हाव्याच्या दुकानात, तोही हळू आवाजात. 2021 च्या उन्हाळ्यात नांदेडच्या देगलूर नाक्यावर एका पोराने मला बाजूला घेऊन विचारले, "चाचा, कोरोना होऊन गेलेल्याला मूल होत नाही म्हणतात, खरं का?" लातूरच्या गंजगोलाईत मात्र उलटेच कानावर आले. लस घेतली की मर्दानगी जाते म्हणे! मी बी.ए. झालेला कवी, डॉक्टर नव्हे. तरी लोक विचारतात म्हणून वाचत गेलो.

शुक्राणू तयार व्हायला अंगापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. वृषण पोटात नसून बाहेर पिशवीत आहेत ते यासाठीच. ताप भरला की हे काम मंदावते, मग तो ताप कशाचाही असो. गालगुंड मोठ्या वयात झाले तर वृषणांना सूज येऊ शकते, हेही डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना एसीई-2 नावाची जी कडी धरतो, ती फुप्फुसाप्रमाणे वृषणातल्या पेशींवरही असते. संशोधकांना शंका आली ती इथे.

मुंबईचे जसलोक रुग्णालय आणि आयआयटी मुंबई यांनी 17 बरे झालेल्या आणि 10 निरोगी पुरुषांचे वीर्य तपासले. 2022 साली ते प्रसिद्ध झाले. बरे झालेल्यांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होती, प्रजननाशी संबंधित दोन प्रथिने निम्म्याहून कमी होती. पण माणसे किती? सत्तावीस. एवढ्यावरून साऱ्या मराठवाड्याचा वंश बुडाला म्हणणे हा शहाणपणा नव्हे.

पाटण्याच्या एम्समधल्या पाहणीने मला जास्त धीर दिला. तिथे 30 पुरुष होते. पहिल्या तपासणीत 12 जणांची शुक्राणूसंख्या कमी निघाली, 74 दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा तिघांचीच. वीर्यात विषाणू कुणाच्याच सापडला नाही. हे 74 दिवस उगीच नाहीत, शुक्राणू घडायला साधारण तेवढाच काळ लागतो. तापात खराब झालेले पीक निघून जाते आणि बहुतेकांच्या शेतात नवे उगवते. सर्वांच्या नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता लस. अमेरिका आणि कॅनडातल्या दोन हजारांहून अधिक जोडप्यांची पाहणी 2022 मध्ये आली. लसीमुळे गर्भ राहण्यात फरक पडला नाही. पुरुषाला संसर्ग झाल्यावर मात्र दोनेक महिने शक्यता थोडी घटली. म्हणजे अफवेने बोट दाखवले ते चुकीच्या जागी. आमच्या मोहल्ल्यांत पोलिओच्या थेंबांबद्दलही हीच कुजबुज होती. ते थेंब घेतलेली पोरे आज स्वतः बाप झाली आहेत. तरी 2021 च्या नोव्हेंबरात मुस्लिम वस्त्यांत लसीकरण वाढावे म्हणून सलमान खानची मदत घेण्याची भाषा आरोग्यमंत्र्यांना करावी लागली. हसू येते, पण त्या भीतीने किती घरांत लस पोहोचली नाही हे आठवले की हसू थांबते.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचाही दोष असतो. तरी तपासण्या, नवस, ताईत आणि सवतीची धमकी सारे सुनेच्या वाट्याला. नवरा मात्र रेल्वेलगतच्या भिंतीवर रंगवलेला 'गुप्तरोगा'चा फोन नंबर फिरवतो. दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्य तपासायला दिले की काम होते. सुई नाही, टाका नाही. नुकताच ताप येऊन गेला असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे आणि अहवाल वाईट आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. 2021 च्या कोरोनावर आज ठपका ठेवून बसू नये. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, साखर, तंबाखू, गुटखा, अशी दुसरी कारणे असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे चिठ्ठी काढताना नवऱ्याचे नाव आधी लिहावे.