तापीकाठची खोल रेताड जमीन



सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. बंदर, वखारी, जर, आणि अलीकडच्या काळात हिरे व कापड, ही सुरतेची संपत्ती सर्वांना ठाऊक आहे. आज मी ज्या संपत्तीविषयी बोलणार आहे ती या सर्वांहून जुनी असून पायाखाली आहे. तापी नदीच्या दोन्ही तीरांवर, पात्रापासून काहीशा उंचीवर, पायरीसारखी पसरलेली खोल रेताड जमीन हा माझा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. सुरतेच्या आसपासची बहुतेक जमीन रेताड नाही, ती काळी आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली ही चिकण माती वैशाखात भेगाळते, आषाढात फुगते, आणि कापूस व ज्वारी यांना मानवते. या काळ्या पसाऱ्यात नदीच्या कडेची पट्टी तेवढी निराळी आहे. गुजरातीत हलक्या, पिवळसर, भुसभुशीत जमिनीला ‘गोराडू’ म्हणतात आणि नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला ‘भाठा’ म्हणतात. सुरतेजवळ तर भाठा याच नावाचे एक गाव तापीच्या उजव्या तीरावर आहे. आपल्याकडे अशा जमिनीस मळई म्हणण्याचा प्रघात आहे.

ही पट्टी झाली कशी? मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावलेली तापी सातशेवीस कि. मी.हून अधिक वाटचाल करून खंबायतच्या आखातास मिळते. पुराच्या वेळी तिच्या पाण्यात वाळू, पोयटा व चिकण माती असे तिन्ही प्रकारचे कण असतात. पाणी पात्राबाहेर पडले की त्याचा वेग एकदम मोडतो आणि जड वाळू काठालगतच खाली बसते. बारीक चिकण माती मात्र दूरवर वाहत जाते व संथ पाण्यातून सावकाश खाली येते. म्हणून काठ रेताड आणि आतली जमीन भारी, असा क्रम बहुतेक मोठ्या नद्यांच्या काठी आढळतो. पुढे नदी आपले पात्र खोल खणू लागली म्हणजे जुने पूरमैदान वर राहते. पूर त्यावर क्वचितच चढतो. हीच ती पायरी. एका पायरीच्या वर दुसरी, अधिक जुनी पायरीही असू शकते, आणि जुनी गावे बहुधा अशाच उंच पायऱ्यांवर वसलेली दिसतात. खानदेशातील श्रोत्यांना हे नवे नाही. रावेर-यावलकडची केळी ज्या खोल गाळावर पोसतात, तो तापी आणि तिच्या उपनद्यांनीच आणून टाकलेला आहे.

आता या जमिनीचे गुण पाहू. तिचा पहिला गुण निचरा. वाळूच्या कणांमधील पोकळ्या मोठ्या असल्यामुळे पाऊस पडला की पाणी खाली उतरते व एकदोन दिवसांत वाफसा येतो. काळ्या रानात बैलाचा पाय रुतत असतो, त्या वेळी इथे कोळपणी चालू झालेली असते. दुसरा गुण खोली. खडक वा मुरूम आड येत नाही, त्यामुळे मुळे पुरुषभर खोल जाऊ शकतात. दोष म्हणाल तर पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी. रेताड पोयट्याचा एक मीटर खोलीचा थर पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे दहा ते बारा सेंटिमीटर पाणी साठवतो. भारी काळी माती त्याच्या दीडपट ते दुप्पट साठवते. परंतु येथे खोली मदतीस येते. आंब्याचे वा चिकूचे झाड दोनतीन मीटर खोल मुळे सोडते, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. वांग्याचे मूळ दीडदोन फुटांत थांबते, त्याचा हिशेब वेगळा.

हा हिशेब शेतकऱ्याने मनाशी करावा. दोन फूट थरात सहासात सेंटिमीटर पाणी मावते. त्यातील निम्मे संपले की पीक ताण खाऊ लागते. उन्हाळ्यात पीक दिवसाला पाचसहा मिलिमीटर पाणी घेते. म्हणजे पाचसहा दिवसांनी पाळी आलीच पाहिजे, आणि प्रत्येक पाळी हलकी हवी. एकदम भरपूर पाणी सोडले तर ते मुळांच्या खाली निघून जाते, जाताना नत्रही घेऊन जाते, आणि तो नत्र अखेर विहिरीच्या पाण्यात उतरतो. म्हणून अशा जमिनीत खताची मात्रा एकदम न देता तीनचार हप्त्यांत द्यावी. शेणखत, कंपोस्ट, ताग वा धैंचा गाडणे, हा या मातीचा खरा उपचार आहे. मात्र उष्ण हवेत ही हवाशीर माती सेंद्रिय द्रव्य लवकर जाळून टाकते. त्यामुळे एकदा गाडले आणि दहा वर्षे निश्चिंत झालो, असे होत नाही.

उपयोगाचे म्हणाल तर जमिनीखाली वाढणाऱ्या सर्व पिकांना ही माती मायेची. भुईमुगाच्या आऱ्या सहज शिरतात, शेंग उपटताना तुटत नाही. रताळी, सुरण, कोनफळ हे कंद सरळ व मोठे वाढतात. उंधियूच्या हंडीत जे जे पडते, त्यातील पुष्कळसे अशा मातीचे लेणे आहे. कतारगामची पापडी तर गुजरातभर नावाजलेली. ही कोवळी, रसरशीत शेंग खाल्लेल्या माणसास अन्य वालपापडी गवतासारखी लागते, असे माझे प्रामाणिक मत आहे; ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी माघ महिन्यात सुरतेस यावे.

पण कतारगाम आज शेतीसाठी ओळखले जात नाही. तेथे हिरे घासण्याचे कारखाने व दाट वस्ती आहे. पलीकडच्या तीरावर अडाजणचीही तीच गत. घर बांधणाराला ही जमीन आवडते, याला कारणे आहेत. काळी माती फुगून-आकसून भिंतींना तडे पाडते. रेताड पायरीवर पाया बहुधा स्थिर राहतो. मात्र दोन सावधगिऱ्या हव्यात. पायरीच्या कडेपासून घर दूर ठेवावे, कारण नदी पायथा कोरते तेव्हा दरड कोसळते. शोषखड्डा व पिण्याच्या पाण्याची विहीर यांत चांगले अंतर असावे. रेताड माती पाणी गाळते हे खरे, परंतु पाण्यात विरघळलेला नत्र तिच्यातून गाळला जात नाही.

पुराचा प्रश्न निराळा. १९६८ साली तापीने मोठा प्रलय दाखविला. १९७२ साली उकाई धरण उभे राहिले आणि पायरीवर आता पाणी यावयाचे नाही, असा समज दृढ झाला. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा तो समज वाहून गेला. दुसरा परिणाम कमी बोलला जातो. पुराबरोबर येणारा गाळ आता मोठ्या प्रमाणात धरणामागे अडतो. पूर्वी भाठ्याला नदी फुकट खत घालीत असे; आता ते काम कंपोस्टाच्या खड्ड्याला करावे लागते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काकरापारच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी दक्षिण गुजरातेत ऊस आला, आणि काळ्या रानात कित्येक ठिकाणी पाणी साचून क्षार वर आले. रेताड पायरी या रोगापासून बरीचशी बचावते, कारण तिच्यात पाणी थांबतच नाही. अशी निचऱ्याची जमीन एकूण थोडी, आणि त्यातलीच आपण घरांखाली घालीत आहोत. घरे काळ्या जमिनीवरही बांधता येतात. त्यांचा पाया महाग पडतो, एवढेच. कोनफळ मात्र कितीही खर्च केला तरी चिकण मातीत सरळ वाढणार नाही. शहराचे नकाशे आखणाऱ्यांनी मातीचा नकाशा शेजारी ठेवला असता, तर कदाचित दोन्ही साधले असते.

आपली माती कोणती, हे घरीच पाहता येते. काचेच्या उभट बरणीत तिसरा हिस्सा माती घालून पाणी भरावे, खूप हलवावे व बरणी ठेवून द्यावी. वाळू एक मिनिटाच्या आत तळाशी बसते, पोयटा बसावयास काही तास घेतो आणि चिकण माती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. हा प्रयोग केवळ वरच्या मातीवर करून थांबू नये. तीन फूट खड्डा खणून प्रत्येक फुटाची माती निराळी तपासावी. वर वाळू आणि खाली चिकण मातीचा पट्टा निघाला, तर पावसाळ्यात पाणी त्या पट्ट्यावर थांबेल, आणि तेथे सुरणाऐवजी दुसरे काही लावावे.