संगणकाचा पंचनामा

काम करता करता संगणकाचा पडदा निळा होतो, चार ओळी झळकतात आणि यंत्र पुन्हा सुरू होतं. विंडोज 11मध्ये 2025पासून हाच पडदा काळा दिसतो. असं दोनदा झालं, की आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाका!’ दुरुस्तीच्या कामात असल्यानं मी म्हणतो, जरा थांबा. आधी पंचनामा वाचा.

संगणकाचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी, डिस्क, प्रिंटर, सगळ्यांवर त्याचा ताबा. तिथं गफलत झाली, की पुढं चुकीचं काही लिहिलं जाऊन माहिती बिघडू नये म्हणून तो मुद्दामच थांबतो. थांबताना मेमरीतल्या नोंदी डिस्कवर उतरवतो. हाच ‘क्रॅश डंप’. लिनक्समध्ये यासाठी दुसरा छोटा कर्नल राखीव ठेवता येतो. पहिला कोसळला, की तो जागा होऊन नोंद करतो.

19 जुलै 2024 आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. डंपमधून दिसलं ते इतकंच: 20 नोंदींच्या यादीत प्रोग्राम एकविसावी नोंद वाचायला गेला आणि मेमरीच्या भलत्याच जागी पोचला.

मात्र पंचनाम्यात पहिलं नाव ज्याचं, तोच गुन्हेगार असं नसतं. एका ड्रायव्हरनं मेमरी बिघडवावी आणि तिथं पाय ठेवणारा दुसराच पडावा, असंही होतं. म्हणून दोन-तीन डंप शेजारी ठेवून पाहायचे. दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव आलं, तर तो बदलून पाहावा. दर वेळी नवं नाव आलं, तर रॅम तपासावी. रॅमच खराब असेल, तर फॉरमॅट करून काय साधणार? घरातले फोटो आणि दुकानाचे हिशेब मात्र हकनाक जातील.

तेव्हा पडद्यावरचा कोड टिपून ठेवा. विंडोजच्या फोल्डरातल्या ‘मिनिडंप’मधल्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. पण मोठा डंप भलत्याच्या हाती देऊ नका. त्या क्षणी मेमरीत असलेला तुमचा पासवर्डही त्यात असू शकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)