सूत्रातील डॉलर चिन्हाचे काम

एक्सेल असो वा गूगल शीट्स, स्प्रेडशीटमधल्या प्रत्येक सेलला पत्ता असतो: कॉलमचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक. सूत्र एका सेलमधून दुसरीकडे कॉपी केले की त्यातले पत्ते सरकतात की जागीच राहतात, यावर हिशेबाचा खरेखोटेपणा ठरतो.

तूप-लोण्याच्या दुकानाचे बिल घेऊ. बी कॉलममध्ये भाव, सीमध्ये नग, डीमध्ये रक्कम. डी२ मध्ये सूत्र आहे, बी२ गुणिले सी२. संगणकाच्या लेखी याचा अर्थ ‘डावीकडच्या दोन सेलचा गुणाकार’ एवढाच. म्हणून ते एक ओळ खाली ओढले की आपोआप बी३ गुणिले सी३ होते. हा रिलेटिव्ह, म्हणजे सापेक्ष संदर्भ.

जीएसटीचा दर मात्र जी१ या एकाच सेलमध्ये आहे. ई२ मध्ये डी२ गुणिले जी१ लिहिले, तर पहिले उत्तर बरोबर येते. पण खाली ओढल्यावर ई३ मध्ये डी३ गुणिले जी२ होते. जी२ रिकामी, म्हणून कर शून्य. चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. त्यासाठी जी१ ऐवजी डॉलर-जी-डॉलर-१ लिहायचे. मग सूत्र कुठेही कॉपी केले तरी हा पत्ता हलत नाही. हा ॲब्सोल्यूट, म्हणजे निरपेक्ष संदर्भ.

डॉलर ज्याच्या आधी येतो, तेवढेच बांधले जाते. पाढ्यांच्या तक्त्यात वरच्या ओळीत बी१ पासून आणि डाव्या कॉलममध्ये ए२ पासून १ ते १० आकडे लिहावेत. बी२ मध्ये डॉलर-ए-२ गुणिले बी-डॉलर-१ हे मिश्र संदर्भांचे सूत्र द्यावे. ते उजवीकडे व खाली ओढले की शंभर सेल भरतात.

१९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये कॉपी करताना प्रत्येक पत्त्याबाबत ‘बदलायचा की नाही’ असे विचारले जाई. आज एक्सेलमध्ये सूत्र लिहिताना एफ४ दाबले की डॉलर लागतो. पुन्हा दाबले की त्याची जागा बदलते. सूत्र कट करून हलवले, तर मात्र त्यातले पत्ते बदलत नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तूप-लोण्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. दर एकाच सेलमध्ये ठेवून डॉलरने बांधला असेल, तर अशा वेळी एक आकडा बदलताच सगळे बिल दुरुस्त होते.