खांब आणि कूड

सातपुड्यांतील काठी येथें होळीसाठीं उंच बांबू उभा राहतो तो अनेक हातांच्या बळावर. तो कसा तोलावा, हें भिल्ल तरुणास कोणीं फळ्यावर शिकविलेलें नसतें. तोच तरुण शहरांतील स्थापत्यशास्त्राच्या वर्गांत येतो आणि भार, तुळई, स्तंभ हे शब्द परक्या भाषेंत ऐकतांच आपणांस कांहींच येत नाहीं असें समजूं लागतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणें नंदुरबार जिल्ह्यांत शेंकडा सुमारें ६९ लोक आदिवासी. वर्गांत मात्र तो एकटा. राखीव जागेनें दार उघडतें. पंक्तींतला पाट सोबत्यांनीं व गुरुजनांनींच मांडावयाचा असतो.

१९५३ सालीं मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मधून शकुंतला भगत यांनीं स्थापत्याची पदवी घेतली, तेव्हां हें क्षेत्र स्त्रियांचें आहे असें किती जण मानीत होते? पुढें सुट्या भागांच्या जोडणीनें पूल उभारण्याची पद्धति त्यांनीं पतीसह सिद्ध केली.

छपराचा भार कूड घेतो कीं खांब, एवढेंच एखाद्या प्राध्यापकानें वर्गांत विचारून पाहावें. कूड केवळ आडोसा, भार खांबावर, हें काठीचा मुलगा घरींच शिकलेला असतो. सिमेंटच्या उंच इमारतीचा सांगाडाही याच न्यायानें उभा असतो. तें उत्तर देतांना तो त्या वर्गांतला पाहुणा राहत नाहीं.