पोरक्या मुलाचे मन
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात धरणी हादरली, दगडमातीची घरे कोसळली आणि सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्या पहाटे पोरकी झालेली मुले आज प्रौढ आहेत. त्यांचा अनुभव हे समाजाचे मोलाचे संचित होय.

आई गमावलेले मूल घटकाभर खेळते, लगेच अबोल होते, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. घरच्यांना हा हट्ट वाटतो. 'आई झोपली आहे' अशी समजूत घातल्यास ते झोपेलाच भिऊ लागण्याचा संभव असतो. अशा वेळी, बालपणी हेच सोसलेल्या व्यक्तीने आपली हकीकत पालकांना वा शिक्षकांना सांगितली, तर त्या वागण्यामागील दुःख त्यांना उमगते.

मात्र ती स्वेच्छेने, थोडक्यात आणि मुलाच्या माघारी सांगावी. आपल्या दुःखाचे माप मुलाला लावू नये. त्याला मृत्यूविषयी सोप्या शब्दांत खरे सांगावे, त्याचा दिनक्रम शक्यतो मोडू नये आणि ते बोलेल तेव्हा ऐकून घ्यावे. एवढे प्रत्येक शाळेला साध्य आहे.