कोळशाच्या खाणीतून मंत्रिमंडळात

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही एखाद्या संताचे चरित्र सांगू, अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती रास्तच आहे. परंतु आज ज्या गृहस्थांची हकिकत आम्ही सांगणार आहोत, त्यांची गणना संतांत झालेली नाही. इतकेच नव्हे, तर त्यांच्याच धर्मबांधवांनी एकदा त्यांच्या दारासमोर त्यांचा पुतळा जाळला होता. ते कोळशाच्या खाणीतील मजूर होते, पुढे ब्रिटिश सरकारचे मंत्री झाले, आणि अखेरच्या श्वासापर्यंत कॅथलिक राहिले. त्यांचे नाव जॉन व्हीटली.

कोळसा ही आम्हां वर्धेकरांस अपरिचित वस्तू नव्हे. आपल्या वर्धा नदीचेच नाव या भागातील कोळसाक्षेत्रास मिळाले आहे. वरोऱ्याच्या खाणीचे काम सरकारने १८७१ साली आरंभिले, आणि तेथील कोळसा वाहून नेण्यासाठीच वर्ध्याहून हिंगणघाटावरून आगगाडीचा फाटा काढण्यात आला. ती खाण १९०६ साली बंद पडली. फाटा मात्र राहिला, आणि आज तो दिल्लीहून चेन्नईस जाणाऱ्या थोर लोहमार्गाचा भाग झाला आहे. आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील रेल्वेच्या नोकरीनिमित्तच या गावी आले. तेव्हा खाणीतील माणसाची कथा आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही.

व्हीटली यांचा जन्म १८६९ साली आयर्लंडातील वॉटरफर्ड परगण्यात एका गरीब कॅथलिक कुटुंबात झाला. पोटासाठी हे कुटुंब स्कॉटलंडातील लॅनार्कशायर या कोळशाच्या मुलुखात येऊन राहिले. खाणमजुरांच्या चाळीत एका खोलीचे घर. त्यातच स्वयंपाक, त्यातच निजणे, त्यातच आजारपण आणि त्यातच बाळंतपण. वडील खाणीत जात. मुलगाही कोवळ्या वयातच त्यांच्या मागोमाग भूगर्भात उतरला. तारुण्याची उमेदीची वर्षे त्याने तेथे काढली. शाळा सुटली, परंतु वाचनाची गोडी सुटली नाही.

पोप लिओ तेरावे यांनी मजुरांच्या स्थितीविषयीचे आपले सुप्रसिद्ध परिपत्रक १८९१ साली प्रसिद्ध केले, तेव्हा हा तरुण बाविशीच्या उंबरठ्यावर होता. मजुरास न्याय्य वेतन मिळावे, त्यास आपले संघ स्थापन करता यावेत, आणि खाणीत राबणाऱ्यांचे काम अधिक कष्टाचे व प्रकृतीस अपायकारक असल्याने त्यांच्या श्रमाचे तास त्या मानाने कमी असावेत, असे त्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले आहे. ख्रिस्तसभेच्या परमगुरूंनी खाणमजुराचा असा खास उल्लेख करावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

खाण सोडल्यावर व्हीटली यांनी दुकानदारी केली, वर्तमानपत्रासाठी जाहिराती मिळविण्याचे काम केले, आणि पुढे छापखाना काढून बरे दिवस पाहिले. बरे दिवस आले म्हणजे माणसास वाईट दिवसांचे विस्मरण होते, हा जगाचा अनुभव आहे. व्हीटलींस ते झाले नाही. १९०६ साली त्यांनी कॅथलिक मजुरांची एक समाजवादी संस्था ग्लासगोत स्थापन केली, आणि तेथूनच त्यांचा आपल्या धर्मबांधवांशी झगडा सुरू झाला. पोप लिओ यांनी त्याच परिपत्रकात समाजवादाचा निषेध केला होता. म्हणून कित्येक धर्मगुरू व्हीटलींवर रुष्ट झाले. पोपसाहेबांनी निषेधिलेली गोष्ट वेगळी आणि आपण सांगतो ती वेगळी, असे व्हीटलींचे म्हणणे होते. १९१२ साली हा क्षोभ इतका वाढला की, संतप्त कॅथलिकांच्या जमावाने त्यांच्या घरासमोर त्यांचा पुतळा जाळला. तरीही त्यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही.

या वादाचा निकाल लावण्यास आम्ही येथे उभे नाही. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली समाजवादाविषयी कठोर शब्द लिहिले, हे आम्ही जाणतो. परंतु कामकऱ्यास त्याच्या कुटुंबाचा निर्वाह होईल इतके वेतन मिळालेच पाहिजे, हेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले. अर्धे पत्र वाचावयाचे आणि अर्धे मिटून ठेवावयाचे, ही सवय मात्र पुतळा जाळणाऱ्या जमावापुरतीच होती असे नाही.

ग्लासगोच्या नगरसभेत निवडून गेल्यावर व्हीटलींनी एकच विषय धरला : घर. १९१३ साली त्यांनी एक योजना मांडली. शहराच्या मालकीच्या ट्रामगाड्यांतून जो नफा होतो, त्यातून बिनव्याजी पैसा काढून मजुरांसाठी सालीना आठ पौंड भाड्याची घरे बांधावीत, अशी ती योजना होती. ती मान्य झाली नाही. पहिल्या महायुद्धात घरमालकांनी भाडी चढविली, तेव्हा १९१५ साली ग्लासगोतील स्त्रियांनी भाडे देण्याचे नाकारले. व्हीटली त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी भाडेवाढीस आळा घालणारा कायदा पार्लमेंटास करावा लागला.

१९२२ साली ते पार्लमेंटात निवडून आले, आणि १९२४ च्या जानेवारीत रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या पहिल्या मजूर सरकारात आरोग्यमंत्री झाले. त्या काळी घरबांधणीचे खाते आरोग्यमंत्र्याकडे असे. आणि अंधारी, ओल धरलेली खोली हीच क्षयाची जननी आहे, हे ज्यास अनुभवाने ठाऊक त्याच्याच हाती ते खाते आले. त्यांचे काम पाहण्यासारखे आहे. त्यांनी प्रथम बांधकामाचे कंत्राटदार आणि गवंडी-सुतारांचे संघ यांस एकत्र बसविले. अधिक माणसे हाताखाली घेऊन शिकविली तर पुढे आमचे काम जाईल, ही कारागिरांची भीती होती. पंधरा वर्षे पुरेल इतक्या घरबांधणीची हमी देऊन त्यांनी ती दूर केली. मग कायदा केला : नगरसभेने भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या प्रत्येक घरामागे सरकारने सालीना नऊ पौंड, चाळीस वर्षेपर्यंत द्यावेत, शेतीच्या भागात त्याहून अधिक. ते सरकार त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. परंतु कायदा राहिला, आणि १९३३ साली त्याखालील मदत थांबेपर्यंत पाच लाखांहून अधिक घरे उभी राहिली. हातात सत्ता किती काळ होती? एक वर्षदेखील नव्हे.

या कामातील उणीवही सांगितली पाहिजे. त्या घरांचे भाडे अगदी तळच्या गरिबास परवडत नसे. बऱ्यापैकी कमावणाऱ्या मजुरासच त्यांचा लाभ अधिक झाला. १९३० साली व्हीटली निवर्तले, तेव्हा ग्लासगोतील एका खोलीची घरे नाहीशी झालेली नव्हती.

आता आम्हांस स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एका तरुण मजुराने भर सभेत उठून विचारले होते की, देवळाचे झाडलोटीचे काम करणाऱ्या माणसाची खोली पावसाळ्यात गळते, तिची व्यवस्था काय? त्याचा स्वर तिखट होता. आम्ही त्यास विनयाचा उपदेश करून खाली बसविले, आणि सभेने माना डोलविल्या. पुतळा जाळण्यास प्रत्येक वेळी आगकाडीच लागते असे नाही. व्हीटली दुसऱ्या दिवशीही आपल्या ख्रिस्तसभेतच राहिले; आमचा तो तरुण मात्र पुन्हा मिस्सेस आला नाही. ती खोली पुढे दुरुस्त झाली, पण त्यास परत आणता आले नाही. हे ओझे आम्ही आजवर वाहत आहोत.

महोत्सवाच्या निधीतून वेदीस संगमरवर बसवावा, असा ठराव आपल्या समितीपुढे आहे. तो आम्हीच सुचविला होता, हे आपण जाणता. आज आम्ही तो मागे घेतो. देवळाच्या पाठीमागील वस्तीत आपल्याच धर्मग्रामातील कुटुंबांची घरे आहेत. त्यांची छपरे मृगापूर्वी शाकारली जावीत, भिंतींची ओल काढली जावी, आणि निधी उरल्यास मग वेदीचा विचार व्हावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्या प्रभूच्या जन्माच्या रात्री त्याच्या मातापित्यांस धर्मशाळेत जागा मिळाली नाही, त्यास संगमरवराची उणीव भासेल असे आम्हांस वाटत नाही. समितीस हे मान्य नसेल, तर तिने तसे उघडपणे सांगावे. ज्याचा स्वर तिखट असेल त्यास या वेळी कोणी खाली बसविणार नाही.

पोप पायस बारावे यांनी १९५५ साली मे महिन्याची पहिली तारीख कष्टकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिली. त्या सुताराने आपल्या घरच्यांच्या डोक्यावर छप्पर राहावे म्हणून हात झिजविले. त्याच्या मध्यस्थीने आपल्या सर्वांच्या घरांवर प्रभूची कृपादृष्टी राहो, हीच प्रार्थना. आमेन.