पोशाख कुणाचा, निर्णय कुणाचा?



व्हिएतनाम म्हटलं की ‘आओ झाय’ घातलेली बाई डोळ्यांपुढे येते. गळाबंद, लांब, कमरेपासून दोन्ही बाजूंनी उघडा अंगरखा आणि खाली सैल विजार. ही फार प्राचीन परंपरा असावी, असं मीही समजत होते. वाचत गेले तेव्हा कळलं, की या पोशाखाच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी बायकांसाठी निर्णय घेतलेला आहे.

१७४४ साली दक्षिणेच्या न्गुएन सत्ताधीशाने विजार आणि गुंड्यांचा अंगरखा ठरवून दिला. आपली प्रजा उत्तरेपेक्षा वेगळी दिसावी, हा हेतू. हा वेश पुरुषांनाही होता, हे लक्षात ठेवा. पुढे मिन्ह मांग बादशहाने उत्तरेतल्या बायकांना घागरा सोडून विजार घालायला फर्मावलं. फ्रेंच अमलात, १९३४ च्या सुमारास, हनोईच्या कात तुओंग या चित्रकाराने अंगरख्याला अंगाबरोबर बसणारा आकार दिला. आज ‘पारंपरिक’ म्हणतात तो पोशाख या बदलातून आला. पुरुष मात्र तोवर कोट-पाटलोणीकडे वळू लागले होते. संस्कृती सांभाळायचं काम बाईच्या अंगावर राहिलं!

१९७५ नंतर गरिबी होती, शेता-कारखान्यांतलं काम होतं. शिवाय हा श्रीमंती थाट मानला गेला. रोजच्या वापरातून तो मागे पडला. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर परतला, तो सौंदर्यस्पर्धा, पर्यटन आणि शाळेचा गणवेश होऊन. पांढरा, पातळ गणवेश घालून पावसात सायकल चालवणारी, पाळीच्या दिवसांत जीव मुठीत धरून वर्गात बसणारी मुलगी फोटोत छान दिसते. तिची अडचण फोटोत येत नाही.

मग हा पोशाख टाकूनच द्यावा का? मला तसं वाटत नाही. २७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिस शांतता करारावर सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत न्गुएन थी बिन्ह ही एकटी बाई होती आणि तिच्या अंगावर आओ झाय होता. तिथे तो शोभेचा नव्हता. ती आपल्या लोकांच्या वतीने बोलत होती.

अलीकडच्या काही वर्षांत तिथला महिला संघ ८ मार्चच्या सुमारास आओ झाय सप्ताह साजरा करतो. हुए शहरात सरकारी खात्यातले पुरुष तो घालून कामावर आले, तर त्याची बातमी झाली. बाईने घातला तर रीत, पुरुषाने घातला तर बातमी!

म्हणून पोशाख चांगला की वाईट, हा वाद मला अपुरा वाटतो. तो कोण ठरवतं, कुणाच्या सोयीसाठी, आणि ‘आज नको’ म्हणायची मोकळीक बाईला आहे का, हे विचारू या. आपल्या ८ मार्चच्या सभेसाठी ‘सर्वजणींनी अमुकच नेसून यावं’ असा निरोप काढण्याआधी हे प्रश्न स्वतःलाही विचारू या.